डबे

मी मेथी निवडत होते तेव्हा निशाद आला.
हातात कापडी पिशवी, पिशवीत सात डबे,
एकात एक बसवलेले,
बसत नव्हते ते झाकणांसकट वेगळे.
"काकू, यांच्यावर तुमचं नाव आहे."

होतं. जुनं.
सौ. हेमलता द. पोतनीस, १९८४,
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं.
माणूस गेलं तरी भांड्यावरचं सौ. कुणी खरवडत नाही.

ऐरोली, सेक्टर सतरा, समोरासमोर दोन दारं.
पायपुसणं नक्की कुणाचं, यावरून पहिलं बोलणं झालं,
तेही जरा तिरकसच.
मग एकदा अळूवडी जास्त झाली.

रिकामा डबा परत करू नये, चेंदवणकर म्हणायचे,
आई ओरडायची.
म्हणून डब्यात कधी एक लिंबू,
कधी कुंडीतला गवती चहा, दोऱ्याने बांधलेला,
कधी चिमूटभर साखर.
एकदा नुसतं दोन रुपयांचं नाणं आणि चिठ्ठी:
साखर संपली आहे.
मी साखर पाठवली.
डबा परत आला. त्यात तेच नाणं.

संध्याकाळी खाडीकडे जायचो.
वेगवेगळे निघायचो, पंपहाऊसपाशी भेटायचो,
जसं काही कुणाला कळत नव्हतं.
ओहोटीला तिवरांच्या मुळांत निवट्या उड्या मारायच्या.
"पोतनीसबाई, हिला पाण्यातही जगता येतं
आणि चिखलातही."
"लबाड आहे मग," मी म्हटलं.
एवढ्याशा बोलण्यावर आम्ही किती हसलो,
आता सांगूनही कुणाला हसू यायचं नाही.

गुरुवारी पहाटे, वाशीच्या हॉस्पिटलात.
मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं,
टाकी सफाईच्या सूचनेखाली.
चौतीस जणांनी हात जोडले होते.
मी पस्तिसावी.

मामेसासू, आतेनणंद, साडू, विहीण,
चुलतदिराच्या बायकोलाही आपल्यात हाक आहे.
मी तेव्हा जिन्यात उभी होते
आणि कुणीतरी खालून म्हणालं,
"जरा बाजूला व्हा हो, घरच्यांना येऊ द्या."
झाले.

तेरा दिवस मी फोडणी घातली नाही.
एवढंच करता येण्यासारखं होतं.
शेजारच्या बाईंना वास न आल्याचं लगेच कळलं.
पित्त झालंय म्हटलं.

"कामवालीनं सगळे घासून दिलेत," निशाद म्हणाला.
"कशाकशात काय काय होतं, टाकून दिलं."
काय होतं?
"काय माहीत. तिनंच आवरलं."
सगळ्यात लहान डबा मी उघडला.
भांड्याच्या साबणाचा वास.
तो त्या बुधवारी नेलेला.
त्यात त्यांनी काय घालून ठेवलं असेल,
की अजून घालायचंच होतं?

फ्लॅट काढतोय म्हणाला. सोमवारी परत जाणार.
खिळ्यावरची त्यांची किल्ली काढून
मी त्याच्या हातात दिली.
दारात बूट चढवता चढवता
त्याला ओट्यावरची जुडी दिसली.
"मेथी? बाबा हात लावायचे नाहीत मेथीला."
"लसूण पुष्कळ घातला की खायचे,"
मी म्हणून गेले.

तो एका बुटावर तसाच थांबला.
माझ्याकडे बघितलं. मग डब्यांकडे.
वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढत होतं,
बराच वेळ ओढत होतं.

किल्ली त्याने परत खिळ्याला अडकवली.
खिळा कुठे आहे, ते शोधावं लागलं त्याला.
"तुळस आहे तिथं बाल्कनीत," म्हणाला,
"सुकलीय थोडी."
आणि दुसरा बूट काढला.
"जेवायला किती वाजता बसता तुम्ही?"

मी लसूण सोलायला घेतला.
आज चौदावा दिवस.
तेल तापायला ठेवलं.